दहा पायांचा कोळी आणि कापलेला गुण

सप्रेम नमस्कार,

सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी भागात द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे, पट १९. परिसर अभ्यासात प्राण्यांचे बाह्य अवयव शिकवताना यंदा मी कोळी घेतला. विकतचा तक्ता आणला, अवयव तीन-तीनदा म्हणून घेतले, वहीत आकृती काढून घेतली. आठवड्याने न बघता काढायला सांगितलं, तर जे आलं ते सोबत पाठवते आहे. बहुतेकांनी एक वाटोळं पोट काढलंय आणि त्याला चहूबाजूंनी पाय. कुणाचे सहा, कुणाचे आठ. एकाने तर दहा काढले. त्याचा मी गुण कापला, तेव्हापासून तो रुसून बसलाय. डोळे सगळ्यांचे दोनच, खाली हसरं तोंड. शिरोवक्ष, उदर हे शब्द मात्र सगळ्यांना पाठ आहेत!

खरा कोळी दाखवावा म्हटलं तर एक मुलगी कोळी दिसला की रडते. शिवाय एका पालकांनी निरोप पाठवला, 'कोळी अंगावरून गेला की फोड येतात, पोरांना असलं काही दाखवू नका.' माझं नक्की कुठे चुकलं? आणि जाता जाता आणखी एक. 'कोळ्याला कान असतात का?' असं एकाने विचारलं, त्याला मी 'नसतात' एवढंच सांगितलं. बरोबर होतं ना?

– एक शिक्षिका

बाई, नमस्कार.

तुमच्या पाकिटातली १९ चित्रं मी जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो, तेव्हा घरच्या मंडळींनी ताटं घेऊन बाहेरच्या खोलीत जाणं पसंत केलं. एकेक चित्र बाजूला ठेवता ठेवता हात थांबला तो दहा पायांच्या कोळ्यावर. बाकीचं सगळं सावकाश बोलू. आधी त्या मुलाचा गुण परत द्या, आणि वर्गासमोर द्या.

ते चित्र पुन्हा एकदा बघा. पाय दहा आहेत खरे, पण दहाही सारखे नाहीत. आठ लांब, मधे मोडलेले. पुढचे दोन निम्म्याने आखूड, आणि ते त्याने अगदी तोंडाजवळून काढलेत. तक्ता पाठ करणारं मूल असं काढत नाही. हे पोरगं गोठ्यात नाहीतर न्हाणीत भिंतीला चिकटून बसलेला तो पसरट, तपकिरी, तळहाताएवढा कोळी बघून आलंय. त्या कोळ्याच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना पायांसारखेच दिसणारे दोन अवयव खरोखर असतात. त्यांना पेडिपाल्प म्हणतात. चालायला तो ते वापरत नाही. पुढ्यात काय आहे ते त्यांनी चाचपतो, भक्ष्य धरतो. माझ्या वर्गातल्या एका पोरीने त्यांचं नाव 'चाचपे' ठेवलं होतं, त्याहून बरं नाव मला अजून सापडलेलं नाही. खात्री करायची तर भिंग घेऊन पेरं मोजा. कोळ्याच्या पायाला सात पेरं भरतात, चाचप्याला सहा. म्हणजे तुमचा विद्यार्थी मोजायला चुकला नाही, फक्त नाव द्यायला चुकला. आणि ते नाव तर आपण त्याला सांगितलंच नव्हतं.

तुमच्याकडच्या मुलांना विंचू चांगला माहीत असणार. विंचवाचे पुढचे दोन चिमटे म्हणजे हेच चाचपे, भलतेच वाढलेले. एकदा हे सांगितलंत की 'विंचवाला पाय किती?' या प्रश्नावर वर्गात जो गोंधळ होईल तो होऊ द्या. चिमटे धरून दहा, सोडून आठ. विंचू, कोळी, गोचीड ही सगळी आठ पायांची भावकी.

आता तुमचं कुठे चुकलं. फार नाही. नावं आधी दिलीत आणि कोळी नंतर, किंवा दिलाच नाहीत. मी तर याहून मोठा गुन्हा केलेला आहे. नोकरीची पहिली काही वर्षं मी फळ्यावर खडूने एक गोळा काढायचो आणि त्याला आठ रेघा ओढायचो. झाला कोळी. तपासणीला आलेल्या साहेबांनीही मान डोलावली होती. मग एका वर्षी मागच्या ओळीतलं एक पोरगं उभं राहून म्हणालं, 'गुरुजी, पोटाला पाय कसे असतील? जेवून पोट फुगलं की पाय हलणार नाहीत का?' वर्ग हसला, मीही हसलो, आणि घरी जाऊन कोळी शोधला. पोरगं बरोबर होतं. कोळ्याचं पोट मऊ असतं. भरपेट खाल्लं की फुगतं, मादीच्या पोटात अंडी असली की टरारतं. पायांना आधार द्यायला काहीतरी कडक लागतं, आणि ते कडक कवच पुढच्या भागावर असतं. आठही पाय तिथूनच निघतात. मागच्या भागाला एकही पाय नाही.

म्हणून माझा सल्ला असा की अवयवांची यादी तूर्त गुंडाळून ठेवा आणि वर्गात एकच प्रश्न टाका : पाय कुठून निघतात? उत्तर सांगू नका. दोन दिवस सांगू नका.

मधल्या काळात हाताला काम द्या. भुईमुगाच्या शेंगा आणा. तुमच्याकडे तोटा नसावा. दोन दाण्यांची, मधे चांगली कंबर असलेली शेंग म्हणजे कोळी. त्यातला लहान फुगवटा पुढे, मोठा मागे. तीन दाण्यांची शेंग म्हणजे मुंगी, कारण मुंगीचं डोकं वेगळं, छाती वेगळी, पोट वेगळं. पायांना खराट्याचे हीर. शेंगेला भोकं पाडायचं दाभण तुमच्या हातात राहू द्या, नाहीतर पालकांचा दुसरा निरोप यायचा. मुंगीचे सहा हीर मधल्या फुगवट्यात, तीन इकडे तीन तिकडे. कोळ्याचे आठही पुढच्या फुगवट्यात, चार-चार. चाचप्यांसाठी हिराचे दोन आखूड तुकडे. जबड्यांना गव्हाचे दोन दाणे, टोक खाली करून, कारण जबड्यांच्या टोकाला विषाचे सुळे असतात. डोळ्यांना डिंकाने चिकटवलेल्या मोहऱ्या. किती, ते त्यांना विचारा. मुंगीला दोऱ्याच्या दोन मिशा लावून झाल्या की कुणीतरी कोळ्याच्या मिशांसाठी दोरा मागेल. तेव्हा म्हणायचं, 'खऱ्या कोळ्याला आहेत का बघून ये, मग देते.' तो दोरा तुमच्याकडेच राहणार आहे. कोळ्याला मिशा नाहीत, पंखही नाहीत. पण ते तुम्ही सांगण्यापेक्षा त्याने रिकाम्या हाताने परत यावं.

आणि एखादं मूल दोन हीर हमखास मागच्या फुगवट्यात खुपसेल. काढू नका. ती शेंग तशीच खिडकीत ठेवा, आपण तिच्याकडे परत येऊ.

आता बघायला काय द्यायचं? रडणारी मुलगी आणि काळजीत पडलेले पालक, दोघांचाही मान राखून सुरुवात करायची तर कोळ्याच्या काती गोळा करा. साप कात टाकतो तसा कोळीही वाढताना टाकतो, आणि अख्खी टाकतो, पायांच्या नख्यांसकट. पुढच्या भागाचं कवच डब्याच्या झाकणासारखं उचकटतं आणि आतला कोळी सगळे पाय मोजे काढावेत तसे ओढून बाहेर येतो. मागे राहतं ते पोकळ कोळ्याचं सोंग. पोटाची कात सुरकुतून चिंधीसारखी होते, पण पुढचा भाग, पाय, चाचपे, जबडे सगळं जसंच्या तसं. डोळ्यांच्या जागी तर काचेच्या बारीक खिडक्या दिसतात, उजेडासमोर धरून मोजता येतात. मेलेला कोळी आणि कात यात गल्लत होते, तेव्हा फुंकर मारून बघायचं. कात पिसासारखी उडते. झाकण उघडं असेल तर शंकाच नको.

दिवाळीची साफसफाई जवळ आली की घराघरात जळमटं निघतात. मुलांना एकेक रिकामी काडेपेटी द्या, आत कापूस, आणि सांगा की केरसुणी फिरण्याआधी कोपरे धुंडाळायचे. माळा, देवघराच्या मागची भिंत, गोठ्याचे वासे. माझ्या वर्गात एका वर्षी चौदा काडेपेट्या जमल्या होत्या. त्यातल्या तीनमधे झुरळाचे पाय निघाले, पण तेही मोजून झाले. ज्या मुलीला भीती वाटते तिच्या हातात पेटी देऊ नका. तिला वही-पेन्सिल द्या. दुसरे मोजतील आणि ओरडून सांगतील, ती लिहून घेईल. जवळ यायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं. माझ्याकडची अशी एक पोरगी तीन दिवस दारापाशी बसून आकडे लिहीत होती. चौथ्या दिवशी तिला एका आकड्याचा संशय आला आणि ती स्वतः उठून मोजायला गेली. कात हलत नाही, पळत नाही. निम्मी भीती पळण्याचीच असते.

भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचा एक छोटा थेंब ठेवा आणि फोन अलगद उलटा करा. थेंबाचंच भिंग होतं. फोन तुमचा असल्यास थेंब छोटाच ठेवा.

कातीने जमेल तेवढं झालं की एक जिवंत कोळी. पारदर्शक बरणी उपडी ठेवायची, खालून पुठ्ठा सरकवायचा, झाकण लावायचं. दहा मिनिटं बघायचं आणि जिथून आणला तिथे सोडायचं. हात कुणी लावायचा नाही, तुम्हीही नाही. या बरणीचा खरा उपयोग तिला उचलून खालून बघण्यात आहे. वरून बघताना पाय आणि पोट एकमेकांत मिसळतात, म्हणून तर मुलं फसतात. खालून बघितलं की पुढच्या भागाच्या मधोमध एक चपटी पाटी दिसते आणि तिच्याभोवती आठही पाय बसवलेले दिसतात. बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्यात बसतात ना, अगदी तसे. मागचं पोट बारीकशा देठाला अडकून वेगळंच राहिलेलं असतं. हे बघून झाल्यावर खिडकीतली ती चुकलेली शेंग पुढे ठेवा आणि काही बोलू नका. माझ्या अनुभवात शेंग ज्याची, तोच हीर उपटतो.

शब्द द्यायची वेळ आता. शिरोवक्ष म्हणजे शिर आणि वक्ष, डोकं आणि छाती एकातच. मुंगीच्या तीन दाण्यांशेजारी कोळ्याचे दोन ठेवले की हा शब्द फोडून सांगावाही लागत नाही. उदर तर त्यांना येतंच. देठ, जबडे, चाचपे, पाय, डोळे आणि शेवटी सूत काढणारी बोंडं. चौथीला एवढं रग्गड झालं. सात पेऱ्यांची सात नावं कुणी पाठ करायला लावली तर त्या माणसाला आधी स्वतःच्या पायाची हाडं विचारा.

बोंडांवर जरा थांबू या, कारण तुमच्या १९ पैकी एकाही चित्रात ती नाहीत. सिनेमातले वीर मनगटातून जाळं फेकतात, त्यामुळे मुलांना वाटतं सूत पायातून नाहीतर तोंडातून येतं. ते येतं पोटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या बोंडांतून. बहुतेक कोळ्यांना ती सहा असतात, एवढीशी, झुपक्यात, भिंगाशिवाय दिसायची नाहीत. पण एक कोळी तुमच्यासाठी सोय करून बसलाय. शाळेजवळच्या आंब्याच्या नाहीतर फणसाच्या खोडावर सकाळी निरखून बघा. सालीच्याच रंगाचा, सालीला चिकटलेला, डोकं बहुधा खाली, आणि मागे दोन लांब शेपट्या. त्या शेपट्या नव्हेत, सूत काढणारी बोंडं आहेत. मुंगी किंवा किडा आला की हा तिच्याभोवती गरागरा फिरतो आणि मागची बोंडं आत वळवून तिला सुताने खोडाशी बांधून टाकतो. एकदा हे बघितलेलं मूल पुन्हा मनगटातून सूत काढणार नाही. तुमच्याकडे लाडू वळतात तेव्हा आई दोन बोटांमधे पाक धरून ताणते आणि 'एकतारी झाला' म्हणते, ते मुलांनी पाहिलेलं असतं. कोळ्याच्या पोटात सूत असंच ओलं, पातळ असतं. ते बाहेर ढकललं जात नाही, ओढलं जातं, आणि ओढताना त्याची तार होते. फरक एवढाच की पाकाची तार तुटते.

डोळे. दोन डोळे आणि हसरं तोंड हे आपल्याच तक्त्यांचं आणि खेळण्यांचं देणं आहे. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, काहींना सहा, आणि कायम अंधाऱ्या गुहेत राहणाऱ्या काहींना एकही नाही. आठ डोळे असूनही जाळ्यात बसणाऱ्यांची नजर यथातथाच. पण भिंतीवर उड्या मारत माश्या पकडणारा तो लहान, केसाळ कोळी बघा. समोर दोन मोठे, काळेभोर, मोटारीच्या दिव्यांसारखे डोळे, शेजारी दोन लहान, आणि उरलेले चार डोक्याच्या वर, बाजूंना आणि मागे. तो बरणीत असताना बाहेरून बोट फिरवलं की वळून बोटाकडे तोंड करतो. वर्गात हा क्षण आला की समजा तुमचा तास जिंकला. मुलं आपण कोळ्याला बघतोय असं समजत असतात, आणि तेवढ्यात कोळी त्यांना बघायला लागतो.

याच उड्या मारणाऱ्या कुळातला एक नवा कोळी ठाणे-कल्याण भागात सापडला, आणि २०२१ मध्ये त्याला 'इसियस तुकारामी' असं नाव मिळालं. २६/११ च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. ओंबळे तुमच्याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. हे मुलांना जरूर सांगा. जगात ५०,००० हून अधिक जातींच्या कोळ्यांना नावं मिळाली आहेत, पण त्यातलं एक आपल्या शेजारच्या गावातल्या माणसाचं आहे म्हटल्यावर वर्गातला आवाज बदलतो. आणि गंमत म्हणजे नव्या जाती ओळखताना अभ्यासक बारकाईने काय बघतात, तर नराच्या चाचप्यांची फुगलेली टोकं. तुमच्या दहा पायांच्या चित्रकारापर्यंत हेही पोचवा.

पालकांचं म्हणणं उडवून लावू नका. फोड येतात हे खरं आहे, त्यांनी पाहिलेले असतात. फक्त आरोपी बहुतेक वेळा दुसरा असतो. पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती एक नखाएवढा लांबट किडा येतो, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा. तो मानेवर बसला आणि आपण झोपेत चिरडला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. सकाळी फोडांची रांग दिसते आणि छपरावर दिसतो तो कोळी, मग नाव त्याचं. कधी ती नागीणही असते. म्हणून फोड आले तर डॉक्टरांना दाखवायचंच. विषाचं म्हणाल तर जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना विष असतं, पण ते माशीच्या मापाचं. घरातल्या नेहमीच्या कोळ्यांपासून घाबरण्यासारखं काही नाही. तरी झाडाच्या ढोलीत किंवा बांधाच्या बिळात राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्याला काडी घालायची नाही, हे मुलांना बजावून ठेवा. त्या पालकांनाच एक दिवस शाळेत बोलवा आणि बरणी त्यांच्या हातात द्या, असं मी सुचवणार होतो. पण कोळी दाखवू नका म्हणणारे आईबाप मुलापेक्षा जास्त घाबरलेले असतात. त्यांना आधी कात दाखवा.

मेलेला कोळी मुठीसारखा आवळलेला का असतो, हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण काडेपेट्या उघडल्यावर येणारच. जत्रेत कागदाची गुंडाळी झालेली पिपाणी मिळते. फुंकली की सरळ होते, फुंक थांबली की पुन्हा गुंडाळते. कोळ्याचे पाय तशाच बेताचे आहेत. आत घ्यायला स्नायू आहेत, पण मुख्य सांधे सरळ करायला स्नायू नाहीत. तिथे तो अंगातल्या द्रवाचा दाब वापरतो. मेला की दाब गेला, पाय आत. एक पिपाणी दप्तरात ठेवा, पाच मिनिटांचा तास आहे.

परीक्षेला पुन्हा 'आकृती काढून नावे द्या' नको. बाजारात रबरी कोळी मिळतो, त्याचे पाय बहुतेक पोटातून निघालेले असतात. तो टेबलावर ठेवा आणि चुका शोधायला लावा. कारखान्याची चूक सापडली की मुलांना केवढा आनंद होतो.

राहता राहिले कान. 'नसतात' हे उत्तर बरोबर आहे, पण त्या पोराला त्याच्या पुढचं विचारायचं असणार : मग त्याला कळतं कसं? कोळ्याच्या पायांवर अतिशय बारीक, उभे केस असतात. जवळून माशी उडाली तर हलणाऱ्या हवेने ते हलतात. जमिनीची, पानाची, जाळ्याची थरथर पायांतल्या सूक्ष्म फटींना कळते. त्या काडेपेट्या अजून असतील तर दोन घ्या, मधे दोरा ताणून फोन करा. एका मुलाचे डोळे बांधा, पेटी कानाला न लावता बोटांत धरायला सांगा आणि दुसऱ्याने दोऱ्यावर टिचकी मारावी. कान नसून ऐकणं म्हणजे काय ते त्याच्या बोटांना समजेल. छपराच्या कोपऱ्यातल्या लांबुडक्या पायांच्या कोळ्याच्या जाळ्याला गवताची काडी लावली तर तो जागच्या जागी इतका जोरात थरथरतो की दिसेनासा होतो. मादी असेल तर तिच्या जबड्यात अंड्यांचा पुंजकाही दिसेल. तो दिसला तर काडी लावू नका.

आणि गुण परत देताना त्या रुसलेल्या मुलाला विचारा, तो मोठा तपकिरी कोळी अजून तिथेच आहे का. असला तर त्याच्या पोटाखाली कॅरमच्या सोंगटीसारखी एक चपटी पांढरी चकती आहे का, तेवढं बघून यायला सांगा. असेल तर ती मादी आहे, चकतीत अंडी आहेत, आणि चकती तिने धरलीय कशाने, ते तो तुम्हाला येऊन सांगेल.